दिवसातलं चांगलं तेवढं

सोमवार, ४ सप्टेंबर

म्हणाली! मिठू आज "शुभ सकाळ" म्हणाली! आणि नुसती म्हणाली नाही — पाहणीला आलेल्या बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली!

दोन आठवडे घोटून घेत होते. बेल वाजली की टॉवेल खणात ठेवायचा. टेबलापाशी खुर्चीवर बसायचं, हात मांडीवर. बाई आत आल्या की डोळ्यांत बघायचं आणि शुभ सकाळ. "कशी आहेस?" विचारलं की "मी छान आहे." तालमीसाठी तिची मदतनीस रोज दाराबाहेर जाऊन बेल वाजवायची आणि पर्स काखोटीला मारून, नाक वर करून आत यायची. "चल चल, बाजूला व्हा, मी मोठ्या कचेरीतून आलेय!" दर वाक्याआधी "चल चल" म्हणते म्हणून मिठूने तिचं नावच चलचल ठेवलंय. मला हसू आवरायचं नाही. मिठू मात्र गंभीर. उत्तर बरोबर आलं की मी "शाबास!" म्हणायचे आणि दुकानातून आणलेल्या डब्यातलं एक बटण तिच्या तळहातावर ठेवायचे. मिठूला जगात बटणाहून मोठं काही नाही. आकाराप्रमाणे ओळीत लावते. एकही वाकडं नाही.

घर लख्ख केलं होतं. न्हाणीघराच्या दाराला तिच्या लाथेने पडलेलं भोक आहे, त्यावर कॅलेंडर टांगलं. टेबलाची चावलेली कड भरतकामाच्या कापडाखाली गेली. मी लांब बाह्यांचं घातलं. म्हणजे मनगटंही झाकली. कुणी येणार म्हटल्यावर आवरायला नको का?

टॉवेलची तेवढी धास्ती होती. ह्यांचा निळा टॉवेल. हे गेल्यापासून — पाच वर्षं झाली — तो तिच्या गळ्यात असतो. कडा विरत गेल्या, मी दुमडून शिवत गेले, आता हातरुमालाएवढा उरलाय. पण तोही तिने बेल वाजताच खणात ठेवला. पस्तीस मिनिटं!

बाईंचा चष्मा गोल. काचेच्या पाटीवर बोट फिरवत लिहीत होत्या. जाताना म्हणाल्या, "किती गोड मुलगी आहे हो तुमची!"

त्या गेल्यावर मिठू तासभर पलंगाखाली होती. पण ते असू दे.

गुरुवार, ७ सप्टेंबर

दुकानात सगळ्यांना सांगितलं. मालकीणबाई पॅण्टला चेन लावता लावता म्हणाल्या, "बघ, तुझी मेहनत वाया नाही गेली." दिवसभर मशीन हलकं चाललं.

रविवार, १७ सप्टेंबर

मिठूने आज खिडकीतून पाखरांची रांग दाखवली. तारेवर बारा. "बटणं," म्हणाली.

मंगळवार, २६ सप्टेंबर

पत्र आलं.

"लक्षणीय सुधारणा आढळल्यामुळे मदतनिसाचे तास आठवड्याला वीसवरून चार करण्यात येत आहेत. शाळेच्या गाडीची सोय बंद करण्यात येत आहे. अंमलबजावणी १ नोव्हेंबरपासून."

चार! आधी वाटलं टंकलेखनाची चूक असेल. मग खालचं वाचलं. "मूल अनोळखी व्यक्तीशी नजर मिळवून बोलते. सोबत ठरावीक वस्तू बाळगण्याची गरज दिसली नाही. घर नीटनेटके. मोडतोडीच्या खुणा नाहीत. पालकाच्या अंगावर इजा नाही."

वाक्य न् वाक्य माझंच. माझ्या हातची टीप मी कुठेही ओळखते.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

तीन दिवस काही लिहिलं नाही. काय लिहायचं? ही वही चांगलं लिहायची आहे. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय — "रोजनिशीत दिवसातलं चांगलं तेवढं लिहावं. उरलेलं देवाला ठाऊक असतंच." पन्नास मुली, एकसारख्या पांढऱ्या कॉलरी, निजण्याआधीची दहा मिनिटं. चाळीस वर्षांत ही सवय मोडली नाही.

आज मोडते. वीस तास म्हणजे काय ते लिहिते.

शाळेची गाडी दोनला दारात येते. मी सहाला घरी येते. मधल्या वेळात चलचल असते. गाडीतून उतरवून घेते, बूट काढते, उकडलेला बटाटा देते (पांढरंच खाते मिठू — दूध, पाव, बटाटा), तिला न्हाऊ घालते, ती डोकं आपटायला लागली की कपाळ आणि भिंत यांच्या मधे हात घालते. मिठूने चलचलचा हात धरायला आठ महिने घेतले. आठ! आता चार तास म्हणजे आठवड्यातली एक दुपार. उरलेल्या चार दुपारी कोण? मी. म्हणजे दुकान सुटलं. आणि दुकान सुटलं की मग आमचं काय? मी सत्तावन्न, ती चौदा. माझ्याहून चार बोटं उंच झाली आहे. परवा तिने ढकललं तर मी कपाटावर गेले.

आस सोडल्यावर झालेली पोर. बोलायला लागली तेव्हा आपण जे म्हणू तेच परत म्हणायची, म्हणून ह्यांनी नाव ठेवलं मिठू. किती कौतुक होतं ह्यांना! "माझा मिठू, माझा मिठू" — घरभर. ती तशी का म्हणते हे आम्हाला कळायला पुढे दोन वर्षं लागली. स्वमग्न हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. हे बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे काय, आपल्यातच रमणारी. वाईट काय त्यात?"

तुम्ही असता तर त्या दिवशी मला घर आवरू दिलं नसतं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

अर्धी रजा काढून कचेरीत गेले. टोकन एकशे सत्तर. भिंतीला टेकवलेल्या लोखंडी खुर्च्या, एकीचा पाय डुगडुगता, त्याखाली कुणीतरी दुमडलेला अर्ज सरकवलेला. दोन तासांनी खिडकी मिळाली.

खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता. पत्र वाचलं, मान हलवली. "आजी, अपील करा. एकवीस दिवसांत. पुरावा जोडा. रोजच्या नोंदी ठेवल्या असतील तर उत्तम."

आजी म्हणाला तेही चाललं मला! "आहेत ना नोंदी! चौदा वर्षांच्या!"

जवळजवळ धावत घरी आले. ट्रंकेतून वह्या काढल्या, जमिनीवर मांडल्या. उघडायला लागले.

"आज मिठू स्वतःहून हसली." "मिठूने ढग दाखवला." "मिठू माझ्याजवळ येऊन बसली, पूर्ण तीन मिनिटं." "पाव खाल्ला, दोन!" "सुंदर दिवस."

ढग दाखवला तो दिवस मला पक्का आठवतो. त्याच दुपारी तिने माझं मनगट चावून सोललं होतं. तीन टाके. वहीत एक अक्षर नाही.

चौदा वर्षं. तीनशे पासष्ट गुणिले चौदा चांगले दिवस. कचेरीने माझ्याकडे साक्षीदार मागितला आणि माझाच साक्षीदार उलटला.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

शाळेच्या फाटकाशी जुळ्यांचे बाबा भेटले. दोन्ही मुलगे मिठूच्याच वर्गात, दोन्ही तसेच. एक हात एकाच्या मनगटावर, दुसरा दुसऱ्याच्या, आणि पाठ खाजवायची असली तर फाटकाला घासतात. "काकू, माझे हात सरकारी कामात आहेत." नेहमी असंच काहीतरी.

मी वही दाखवली. उभ्याउभ्या चार पानं वाचली त्यांनी. हसायचं की रडायचं त्यांना कळेना. "काकू, ही कुणाला दाखवू नका. कचेरीच्या वकिलाने लिहिल्यासारखी आहे!"

"मग मी काय करू?"

"वाईटात वाईट दिवस लिहा. रोज. वेळेसकट. आमची पाहणी होती तेव्हा आदल्या दिवशी बायकोने घर आवरलं, आणि मी सकाळी उठून सगळं परत विस्कटलं. बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण तास दोनच कापले!"

परत येताना सारखं मनात — मला का नाही सुचलं? का सुचणार! आमच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आठवडाभर फरशी घासली जायची. वाचता न येणाऱ्या मुलींना त्या दिवशी बागेत पाठवायच्या. मी फुलं द्यायला पुढे. "चेहरा वर, डोळ्यांत बघ, स्पष्ट बोल." इन्स्पेक्टर गालावर टिचकी मारून म्हणायचे, किती गोड मुलगी!

त्या बागेतल्या मुलींची नावंही मला आठवत नाहीत.

सोमवार, ९ ऑक्टोबर

वाईट लिहायला बसले आहे. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलामागे.

सकाळी साडेसहा. मोजा उलटा घातला गेला. वीस मिनिटं किंचाळत होती. शेजाऱ्यांनी भिंतीवर तीनदा ठोकलं. सात वाजता दात घासताना ब्रश चावून तोडला. सव्वासातला कपडे ओले केले. चौदा वर्षांची मुलगी, पाळी सुरू झालेली, तिला का ते सांगता येत नाही, मला कसं समजवावं ते कळत नाही. सव्वासातला मी तिला गदागदा हलवलं. हो. मी. हलवलं आणि ओरडले, "किती छळशील!" आणि ती म्हणाली, "किती छळशील." माझ्याच आवाजात.

हेही पुराव्यात जोडायचं का?

पेन थांबतं. जिवंतपणी पोरीची निंदा लिहितेय असं वाटतं. सिस्टर शिवण शिकवताना म्हणायच्या, "उलटी बाजू सुलटीइतकीच नीट हवी. कुणीतरी उलटून बघतंच." आता उलटून बघणारे आले आहेत, आणि त्यांना उलट्या बाजूला गुंताच हवा आहे.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

चलचलला आज मुख्य कचेरीने बोलावलं होतं. १ तारखेनंतर तिला दुसऱ्या मुलाकडे पाठवतील. आमच्याकडच्या चार तासांना जी मोकळी असेल ती येईल. कधी ही, कधी ती. काल हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "काकू, मला विचारतं कोण?"

म्हणून आज मिठूला दुकानात न्यावं लागलं. म्हटलं, बघू. एरवीही पुढे न्यावंच लागणार.

पाऊण तास छान गेला. काउंटरखाली बसून काजाच्या दोऱ्याची रिळं लावत होती. मग वाफेच्या इस्त्रीने फुस्स केलं. ती इस्त्री रोज शंभरदा फुस्स करते, मला ऐकूसुद्धा येत नाही. मिठू उठली. रिळं भिरकावली. एक गिऱ्हाईकबाई कोट घालून आरशासमोर उभी होती, खाली टाचण्या लावलेल्या — मिठू तिला घासून काउंटरच्या कडेशी गेली आणि डोकं आपटायला लागली. मी पोहोचेपर्यंत चार. मधे हात घातला, पाठीवर वजन टाकलं, कानाशी मशीनसारखी घरघर केली. तीच एक गोष्ट तिला शांत करते. ह्यांनी शोधलेली. सोळा मिनिटं लागली. बाई कोट तसाच टाकून, टाचण्या टोचून घेत निघून गेल्या होत्या.

मालकीणबाईंनी पाणी आणून दिलं. एकोणीस वर्षं बाजूबाजूला बसून शिवतोय आम्ही. म्हणाल्या, "मी दगड नाही गं. पण हे दुकान आहे."

"कळतं मला."

"पुन्हा आणू नकोस. आणि तुला यायला जमत नसेल तर... आधी सांग. दुसरी बघायला वेळ लागतो."

सगळं वेळेसकट टिपलं. आणि टिपताना मनात काय आलं लिहू? — बरं झालं. चांगली नोंद मिळाली.

कुठे येऊन पोहोचले मी!

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज मिठू दिवसभर शांत. शहाण्यासारखी. मी वही घेऊन वाट बघत बसले होते. काही झालं नाही, आणि मी चिडले तिच्यावर.

सोमवार, १६ ऑक्टोबर

अपील दिलं. पावती मिळाली. खिडकीतला माणूस म्हणाला, "सहाच दिवसांच्या नोंदी, आजी?"

शनिवार, २१ ऑक्टोबर

सुनावणी सोमवारी ३० तारखेला. "मुलास समक्ष हजर करावे."

जुळ्यांच्या बाबांना सांगितलं. या वेळी विनोद केला नाही. मुलांना कठड्यावर बसवलं, दोन्ही मनगटं धरून माझ्या जवळ सरकले. "काकू, टॉवेल नेऊ नका."

"काय?"

"तिचा टॉवेल. त्या दिवशी घरी राहू द्या. दहा मिनिटं बघू देत त्यांना. एकदाच. मग दोन वर्षं पाहणी नाही."

"लाज नाही वाटत असं सुचवायला?"

"वाटते ना. पण लाजेला तास मिळत नाहीत, काकू."

मी निघून आले. त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं. मग बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं — यांना हे कसं ठाऊक? यांनीही कधीतरी काहीतरी घरी ठेवलेलं असणार.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

नाही. मी असलं करणार नाही.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

चलचलने आज मिठूसाठी चित्रांचा तक्ता बनवला — पुढच्या आठवड्याचा. सोमवारी चलचल. मंगळवारी चलचल. बुधवारपासून रिकामे चौकोन. मिठू बोटाने एकेक रिकामा चौकोन दाबत होती. "चलचल. चलचल. चलचल." चलचल न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मला सगळं ऐकू येत होतं.

रविवार, २९ ऑक्टोबर

टॉवेल धुतला. दोरीवर वाळत घातलाय.

तिला धुतलेला चालत नाही. वास जातो. हे मला माहीत नाही का? पाच वर्षांत मी तो रविवारी संध्याकाळी कधी धुतला नव्हता. उद्या सकाळी ओलाच असेल. मी म्हणेन, "ओला आहे." खोटं नसेल ते.

सिस्टर, तुम्हीच शिकवलंत ना — खोटं बोलू नये.

सोमवार, ३० ऑक्टोबर

सगळं लिहिते. चांगलं-वाईट न निवडता.

सकाळी ती गळ्याशी हात नेऊन म्हणाली, "टॉवेल." मी म्हटलं, "ओला आहे." बसमध्ये नऊ वेळा. "ओला आहे." "ओला आहे," ती म्हणायची आणि पुन्हा हात गळ्याशी. पर्समध्ये बटणांचा डबा घेतला होता. नंतर लागेल म्हणून. बघा, "नंतर"चाही विचार केला होता मी.

लांबट खोली. तिघेजण टेबलापलीकडे, मधले साहेब पिकल्या केसांचे. पाण्याचा काचेचा जग. वर एक दिवा सतत गुणगुणणारा. मला आत शिरताच ऐकू आला, म्हणजे तिला किती आला असेल. कोपऱ्यात गोल चष्म्याच्या बाई.

साहेब म्हणाले, "ये बाळ, बस." आणि मिठू खुर्चीवर बसली, हात मांडीवर घेतले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली — "शुभ सकाळ."

साहेब कौतुकाने हसले. "कशी आहेस?"

"मी छान आहे."

संपलं, म्हटलं. एवढी चांगली कशी शिकवली मी हिला!

कागद चाळले जात होते. दिवा गुणगुणत होता. मिठूचा हात गळ्याशी गेला. "टॉवेल." माझ्याकडे बघितलं. "टॉवेल." "आई, टॉवेल."

आई म्हणाली. क्वचित म्हणते.

मी हात मांडीवर ठेवले. पाठ ताठ, गुडघे जुळवून, शाळेत शिकवलं होतं तसे. आणि बसून राहिले.

पहिला ठोका टेबलाच्या कडेवर. जग हलला. पहिल्या ठोक्यालाच मी मधे हात घालते — नेहमी, झोपेतूनही उठून. आज घातला नाही. दोन. तीन. साहेबांची खुर्ची मागे सरकली. पाच. जग पडला, पाणी कागदांवरून वाहायला लागलं. कुणी उचललं नाही. सात.

"अहो बाई, काहीतरी करा ना!" साहेब ओरडले.

मी म्हणाले, "साहेब, चार दिवस मी एकटीच असणार आहे. काय करू, तुम्ही सांगा."

हे मी म्हणाले. शांतपणे. स्पष्ट आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघून.

अकरा मोजले. अकरानंतर माझ्याच्याने राहवलं नाही. हात घातला, अंगाखाली घेतलं, घरघर करत राहिले. किती वेळ, माहीत नाही. वर बघितलं तेव्हा गोल चष्म्याच्या बाई चष्मा काढून बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "निर्णय पोस्टाने कळवू." माझ्याकडे न बघता.

बाहेर जिन्याच्या पायरीवर तिला मांडीत घेऊन बसले. चार बोटं उंच मुलगी मांडीत मावते का? मावली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. तिच्या केसांत तोंड खुपसून सारखं म्हणत होते, "शाबास गं माझी बाय, शाबास, शाबास." दुसरं काही तोंडात येतच नव्हतं. डब्यातलं सगळ्यात मोठं बटण तिला दिलं, कोटाचं, पितळी. तिने ते मुठीत घट्ट धरलं.

खूप वेळ माझ्याकडे बघत होती.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

चलचलने टेंगूळ बघितलं. "काकू, हे कसं?"

"तिथे झालं."

"टॉवेल नव्हता का नेला?"

मी दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात गेले. दूध ठेवलेलंच नव्हतं.

जाताना तिने मिठूचा हात धरला आणि नेहमीसारखं "चल चल" म्हणाली नाही. मिठूनेच म्हटलं.

बुधवार, १ नोव्हेंबर

सकाळी गाडी आली नाही. मिठू आमच्या फाटकाशी बूट घालून पावणेदोन तास उभी. हलली नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर

रजा संपत आल्या. मालकीणबाईंनी विचारलं नाही, पण दाराच्या काचेवर पाटी लागली आहे म्हणे — "शिवणकामासाठी बाई पाहिजे." जुळ्यांच्या बाबांनी फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "काकू, नेला होता का?" मी म्हटलं, "नाही." मग ते म्हणाले, "मी आमच्या मोठ्याचं कानावरचं यंत्र ठेवलं होतं घरी. आवाज बंद करणारं." आणि फोन ठेवला.

पितळी बटण मिठूने ओळीत लावलेलं नाही. वेगळं ठेवलंय. टेबलाच्या कडेवर, बरोबर मधोमध.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बेल वाजली. पोस्टमन. दारातच पाकीट फाडलं — वीसच्या वीस तास, गाडीसकट, दोन वर्षांसाठी. चलचलच परत येणार. मी त्या पोस्टमनचे हात धरले, हसले, रडले. तो बिचारा घाबरला. मिठूला सांगायला वळले.

टॉवेल गळ्यात नव्हता. खण बंद केलेला. मिठू खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर. तिने वाकून कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं — एकदा, अगदी बेताने. मग मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"शाबास," म्हणाली. आणि बटणासाठी हात पुढे केला.